इंदूरचे पठार आणि विंध्याचा कडा : पार्श्वभूमी

महेश्वर नर्मदेच्या काठी, समुद्रसपाटीपासून 150 मीटरच्या आसपास वसलेले आहे. 1818 मध्ये होळकरांनी राजधानी जिथे आणली ते इंदूर सुमारे 550 मीटर उंचीवर आहे. या दोहोंमधला कडा, जो घाटमाथ्यावरच्या जामच्या दरवाजाशी (जुन्या वेशीपाशी) उभे राहिले की पायांखाली एकदम तुटलेला दिसतो, माळव्याच्या भूमीची सगळी घडण समजावून सांगतो.

या भागात सर्वांत आधीची ठळक खूण समुद्राची आहे. धार जिल्ह्यातील बाग परिसरात चुनखडकांमध्ये सागरी जीवांचे अवशेष सापडतात, कारण सुमारे 9 ते 10 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या आजच्या खोऱ्यात आत शिरलेला होता. समुद्र ओसरल्यानंतर, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी, जमिनीतील लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. हे एका दमात घडले नाही: दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो मधल्या विसाव्याच्या काळात खडक कुजून तयार झालेल्या जुन्या जमिनीचा आहे. दख्खनचा हा काळा पाषाण आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि माळवा ही त्याची उत्तरेकडील बाजू. इंदूरच्या दक्षिणेला ज्याला आपण विंध्य म्हणतो तो डोंगरही बहुतांशी याच लाव्हाचा आहे. विंध्याचे नाव मिळालेला प्राचीन वालुकाश्म वेगळा आणि कितीतरी जुना.

कड्याचे मूळ मात्र पृथ्वीच्या पोटातील हालचालींत आहे. नर्मदा ज्या पट्ट्यातून वाहते तिथे भूकवच प्राचीन काळापासून तडकलेले आहे, आणि त्या तड्यांच्या आधाराने खोरे खचले. हा पट्टा अजून पूर्ण शांत झालेला नाही, हे 22 मे 1997 च्या जबलपूरच्या भूकंपाने दाखवून दिले.

त्यानंतरचे काम पाण्याचे, आणि मला तेच सर्वांत विलक्षण वाटते. लाव्हाच्या खडकात पाणी मुरले की त्यातील खनिजे बदलतात, खडक कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो, त्याचा मुरूम होतो आणि मुरमाची अखेर काळी माती होते. आपल्याकडे विहीर खणताना हाच क्रम वरून खाली उलटा भेटतो: माती, मुरूम, गोल गोटे, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात हात जाईल इतक्या भेगा पडणारी ही माती माळव्याच्या गव्हाची आणि सोयाबीनची जमीन आहे.

पठारावर पडलेले पाणी दोन दिशांना जाते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून वाहणारी खान नदी क्षिप्रेला, क्षिप्रा चंबळेला आणि चंबळ यमुनेला मिळते. म्हणजे नर्मदा इतकी जवळ असूनही इंदूरचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. चंबळेचा उगम महूजवळच्या जानापाव डोंगरावर आहे, आणि तिथून फारशा दूर नसलेल्या पातालपाणीला चोरल नदी कड्यावरून कोसळून नर्मदेकडे, अर्थात अरबी समुद्राकडे निघते. उत्तरेकडचा उतार मंद असल्याने तिथे नद्या संथ वाहतात. दक्षिणेकडचे ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असल्यामुळे तळाचा खडक पोखरतात, वरचा आधार सुटून ढासळतो आणि कड्याची धार हळूहळू उत्तरेला, पठाराच्या अंगात सरकते.

माणसाला या कड्याशी झगडावे लागले ते अलीकडे. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी रेल्वेसाठी 1870 मध्ये 1 कोटी रुपयांचे कर्ज दिले आणि खंडव्याकडून येणारी मीटरगेज गाडी कालाकुंड ते पातालपाणी हा घाट बोगद्यांतून चढू लागली. पुढे 1978 मध्ये जलूद येथून नर्मदेचे पाणी पंपांनी हाच कडा चढवून इंदूरच्या नळांना आले. वापरून झाल्यावर खान आणि क्षिप्रेच्या वाटेने ते दुसऱ्याच समुद्राकडे जाते.