सावली आणि साक्ष : नागपूरच्या मराठी मंडळीची पार्श्वभूमी

कोरोनाच्या काळात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, घरोघरी रात्री बायबलमधले एक्याण्णवावे स्तोत्र वाचले जायचे. जो परात्पर देवाच्या आश्रयाला, त्याच्या सावलीत राहतो त्याला मरीचे भय नाही, असे त्यात म्हटले आहे. काही घरांतली माणसे बरी झाली, काहींची गेली. उपासना पुन्हा सुरू झाल्यावर सगळ्यांत आधी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांपुढे सांगायला, उभ्या राहिल्या त्या ज्यांचा मुलगा गेला होता त्या बाई. "देवाने राखलं," असे त्या म्हणाल्या. देव राखतो म्हणजे काय करतो, हा प्रश्न मला त्या दिवशी नव्याने पडला. नागपुरात तो पावणेदोनशे वर्षे तरी विचारला जात आहे.

इथल्या मातीचा शुभवर्तमानाशी, येशूच्या संदेशाशी, संबंध त्याहूनही जुना आहे. इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी बंगालमधल्या श्रीरामपूर इथे पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, मराठी भाषांतर हाती घेतले, तेव्हा त्यांचे मराठीचे पंडित होते वैजनाथशास्त्री, मूळचे नागपूरकडचे. त्यातला येशूविषयीचा भाग, नवा करार, १८११ मध्ये छापून झाला. म्हणजे मिशनरी नागपुरात पोचायच्या आधी नागपूरची बोली शुभवर्तमानात पोचली होती. हे मला फार मोलाचे वाटते.

स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये कामठीच्या छावणीत उतरले. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचेही नव्हते. शहरात तिसऱ्या रघुजी भोसल्यांचे राज्य होते. इंग्रजी अंमल आला तो १८५४ मध्ये. हिस्लॉप यांनी शाळा काढली, मराठी शिकले, बाजारात उभे राहून बोलले. जोडीला खडक आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या वस्त्यांत बसून त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाची गाणी उतरवून घेतली. पुष्कळजण त्यांना आज भूगर्भशास्त्रज्ञ म्हणूनच ओळखतात. माझ्या मते ही दोन वेगळी कामे नव्हती. ज्याला काही सांगायचे आहे त्याने आधी ऐकले पाहिजे, हे त्यांना कळले होते.

सप्टेंबर १८६३ मध्ये ते मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले. परतताना वाटेतल्या बोरीची शाळा तपासायला ते मागे थांबले आणि अंधार पडल्यावर एकटेच घोड्यावरून निघाले. पावसाने नाला फुगला होता. तळावर घोडा आला, स्वार आला नाही. शोध घेतला तेव्हा त्यांचा देह पाण्यात सापडला. वय पंचेचाळीस. त्यांच्या टिपणांतून गोंडांविषयीचे लेखन टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाचे कॉलेज सुरू झाले.

ज्याने आयुष्यभर देवाच्या सावलीविषयी सांगितले, तो नाल्यात का बुडावा? पवित्र शास्त्रातच याची दुसरी बाजू आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, दूत तुला झेलतील, असे येशूला सांगताना सैतानाने हेच एक्याण्णवावे स्तोत्र वापरले होते. आणि दानीएलाच्या पुस्तकातले ते तिघे तरुण, राजाने उभारलेल्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून भट्टीत टाकले जाणार असताना, म्हणतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने सोडवले नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या प्रार्थनेत हे 'नाही तरी' हमखास येते.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट नागपूरकरांनी तरी विसरू नये. आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ते इथे ग्रंथांचे काम करत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या मिशनऱ्याशी त्यांचे बोलणे झाले. कवितेवर गप्पा निघाल्या, शेवटी त्याने पवित्र शास्त्राची प्रत हातात दिली. वाद नाही, आमिष नाही. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरले ते सुटू दिले नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि घर तुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग स्वतःच्या पायांनी त्या विश्वासात आल्या. देवाने या घराला त्रासापासून राखले असे कोण म्हणेल? राखले ते त्रासातून. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा आपला भक्तमेळा मांडला. अभंग आणि कीर्तन ही त्यांची साक्ष देण्याची रीत होती.

पुढचा टप्पा कायद्याचा. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ मध्ये, मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९५६ मध्ये आला आणि तो मिशनऱ्यांवर कडक होता. त्यातले सगळे मला पटत नाही. पण लोभ दाखवून माणूस वळवणे ही साक्ष नव्हे, हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी सगळ्यांच्या आधी म्हणायला हवे होते. मध्य प्रदेशात १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घटनेच्या पंचविसाव्या कलमातला प्रचाराचा हक्क म्हणजे आपला धर्म सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही.

दरम्यान २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली होती.

आज आमच्याकडे साक्ष बहुधा दवाखान्यात, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून होते. आधी विचारायचे, "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" नको म्हटले तर डबा ठेवून उठायचे. हो म्हटले तर हात जोडून एक्याण्णवावे स्तोत्र, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होणार नाही इतक्या.