शोधनिबंधाची वाट: जर्नल, रेफरी आणि इम्पॅक्ट फॅक्टर कुठून आले?

शोधनिबंध आंतरराष्ट्रीय जर्नलकडे पाठवला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. संपादक आधी चाळून बघतात आणि बऱ्याचदा तिथूनच परत करतात. त्यातून तरला तर निबंध दोन-तीन अनामिक रेफरींकडे, म्हणजे तो तपासणाऱ्या त्या विषयातल्या जाणकारांकडे जातो. काही महिन्यांनी दुरुस्त्यांची लांबलचक यादी येते. सगळं जमलं तर स्वीकृतीचं पत्र येतं आणि काही जर्नलांकडून त्यासोबत पैशांची मागणीही. अधूनमधून गाइड विचारतात, 'स्कोपसमध्ये आहे ना? इम्पॅक्ट फॅक्टर किती?'

नव्या संशोधकाला वाटतं, ही यंत्रणा कोणीतरी नीट विचार करून एकसंध उभारली असणार. प्रत्यक्षात तिचे सुटे भाग तीनशे वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाले. जर्नल सतराव्या शतकातलं आणि रेफरी एकोणिसाव्या शतकातले. रेफरीशिवाय छापायचंच नाही हा दंडक जेमतेम पन्नास वर्षांचा. इम्पॅक्ट फॅक्टर तर, कोणत्या निबंधाचा आधार पुढे कोणी घेतला याच्या सूचीत कोणती जर्नलं घ्यायची, हे ठरवण्यापुरता काढलेला आकडा. यातला जवळजवळ प्रत्येक भाग एका कामासाठी बनला आणि पुढे भलत्याच कामाला जुंपला गेला.

जर्नलं नव्हती तेव्हा शोध लावणाऱ्यापुढे एक पेच असे. जाहीर करावं तर कोणी उचलेल, गप्प बसावं तर दुसराच कोणी आधी जाहीर करेल. १६१० मध्ये गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी दिसलं. ते त्याने सरळ लिहिलं नाही. लॅटिन वाक्यातली अक्षरं उलटसुलट करून एक निरर्थक ओळ बनवली आणि ती पत्राने धाडली. पुढेमागे वाद झालाच, तर 'मी हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं' असं दाखवता यावं म्हणून. केप्लरने ती ओळ सोडवायचा प्रयत्न केला आणि त्यातून 'मंगळाला दोन चंद्र आहेत' असा अर्थ काढला. गॅलिलिओला म्हणायचं होतं ते शनीबद्दल. (मंगळाला खरोखरच दोन चंद्र आहेत हे १८७७ मध्ये कळलं, पण त्याचं श्रेय त्या अक्षरांना देता येत नाही.)

या लपवाछपवीवर उतारा सापडला तो १६६५ मध्ये. ५ जानेवारीला पॅरिसमध्ये 'जुर्नाल दे सावां' निघालं आणि ६ मार्चला लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'. पहिल्यात नव्या ग्रंथांची ओळख आणि विद्वज्जगतातल्या बातम्या असत. दुसरं काढलं रॉयल सोसायटी या लंडनमधल्या विज्ञानसंस्थेचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी, तेही स्वतःच्या जबाबदारीवर आणि चार पैसे सुटतील या आशेने. युरोपभरच्या विद्वानांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्या पत्रांतलं निवडक छापायचं, इतकी साधी ती कल्पना. पहिल्या अंकात गुरूवरच्या डागाची नोंद आहे, तशीच एका विचित्र जन्मलेल्या वासराचीही. पण त्यातून एक मोठी गोष्ट साधली: जो आधी जाहीर करेल, शोध त्याचा. लपवण्यापेक्षा सांगून टाकणं फायद्याचं ठरलं. आजही छापील निबंधावर 'प्राप्त' आणि 'स्वीकृत' अशा तारखा असतात, त्या याच हक्कासाठी.

निबंध बरोबर आहे की नाही हे तपासणं मात्र या जर्नलने आपलं काम मानलं नव्हतं. १७५२ मध्ये रॉयल सोसायटीने 'ट्रान्झॅक्शन्स' अधिकृतपणे ताब्यात घेतलं आणि निवडीसाठी समिती नेमली. तिचा हेतू होता संस्थेचं हसं होऊ नये इतकाच. छापलेल्या मजकुराच्या खरेखोटेपणाची हमी सोसायटी घेत नाही, असंही सांगितलेलं असे.

लेखी अहवाल मागवण्याची सूचना १८३१ मध्ये विल्यम व्हेवेल यांनी केली. त्यांच्या मनात होतं की दोन जाणकारांनी निबंध वाचून त्याचं महत्त्व सांगावं, तो अहवाल छापावा आणि विज्ञानाची वाहवा व्हावी. थोडक्यात, प्रसिद्धीची योजना. पहिला निबंध निवडला तो पृथ्वी आणि शुक्र यांच्या गतीवरचा, खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा. रेफरी दोघे: स्वतः व्हेवेल आणि जॉन लुबॉक. आणि पहिल्याच खेपेला दोघांचं वाजलं. लुबॉक यांना गणितात खोट दिसली, ती दाखवून द्यायलाच हवी असं त्यांचं म्हणणं. व्हेवेल म्हणत, चुका काढणं हे आपलं काम नव्हे. १८३२ मध्ये संयुक्त अहवाल छापला गेला तो बहुतांशी व्हेवेल यांच्या मनासारखा. पुढे मात्र अहवाल छापणं मागे पडलं, ते गोपनीय झाले, आणि गोपनीय झाल्यावर स्तुतीचं कारणच उरलं नाही. आज रेफरीकडून जी अपेक्षा असते ती लुबॉक यांची आहे, व्हेवेल यांची नव्हे.

गोपनीय रेफरीमुळे काय होऊ शकतं याचं उदाहरणही फार थांबावं लागलं नाही. १८४५ मध्ये जॉन जेम्स वॉटरस्टन यांनी वायूंच्या रेणूंच्या गतीवर एक निबंध सोसायटीकडे पाठवला. एका रेफरीने तो निव्वळ मूर्खपणा ठरवला. निबंध छापला नाही आणि, नियमच तसा असल्यामुळे, परतही दिला नाही. तो दप्तरात पडून राहिला. तोच सिद्धांत पुढे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल आणि इतरांनी स्वतंत्रपणे मांडला आणि तो भौतिकशास्त्राचा पाया ठरला. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांना दप्तरात ते हस्तलिखित सापडलं. १८९२ मध्ये ते त्याच 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापलं गेलं. वॉटरस्टन १८८३ मध्येच वारले होते.

हे सगळं इंग्लंडातल्या एका संस्थेचं झालं. जर्मनीतली मोठी जर्नलं आणि १८६९ मध्ये नॉर्मन लॉकियर यांनी सुरू केलेलं 'नेचर' ही मुख्यतः संपादकाच्या नजरेवर चालत. संपादकाला पटलं की छापायचं. आइन्स्टाइन यांचे १९०५ चे प्रसिद्ध निबंध 'अनालेन डेर फिजीक'मध्ये असेच छापले गेले. १९२४ मध्ये ढाका विद्यापीठातल्या सत्येंद्रनाथ बोस यांनी आपला इंग्रजी निबंध थेट आइन्स्टाइन यांनाच पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून 'त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक'मध्ये छापवून आणला. त्या काळात भौतिकशास्त्राचा दरबार जर्मन भाषेत भरत होता. इंग्रजीची आजची मक्तेदारी प्रामुख्याने दुसऱ्या महायुद्धानंतरची.

१९३६ ची गोष्ट तर थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. आइन्स्टाइन तेव्हा प्रिन्स्टनला होते. नेथन रोझेन यांच्यासोबत त्यांनी एक निबंध लिहिला, ज्याचा निष्कर्ष होता की गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत. तो त्यांनी अमेरिकेतल्या 'फिजिकल रिव्ह्यू'कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांना शंका आली आणि त्यांनी तो एका तज्ज्ञाला दाखवला. तज्ज्ञाने चूक दाखवणारी सविस्तर टिपणं पाठवली. आइन्स्टाइन भडकले. आम्ही निबंध छापायला दिला होता, छापण्याआधी तो कोणाला दाखवायची परवानगी दिली नव्हती, अशा आशयाचं पत्र लिहून त्यांनी निबंध मागे घेतला. जगातला सर्वांत नावाजलेला शास्त्रज्ञ, आणि रेफरीकडे निबंध जातो ही गोष्टच त्याला आगाऊपणाची वाटली! निबंध दुसऱ्या जर्नलकडे गेला, पण १९३७ मध्ये छापून येईपर्यंत निष्कर्ष बदललेला होता. तो रेफरी होता हॉवर्ड पर्सी रॉबर्टसन. त्याने मधल्या काळात आइन्स्टाइन यांच्या नव्या सहायकाशी बोलून चूक त्यांच्यापर्यंत पोचवली होती. रॉबर्टसनचं नाव जर्नलच्या जुन्या नोंदवहीतून २००५ मध्ये उघड झालं.

त्याच सुमारास, जून १९३७ मध्ये, हान्स क्रेब्स यांनी पेशींतल्या ऊर्जाचक्राबद्दलचं टिपण 'नेचर'कडे पाठवलं. संपादकांचं उत्तर: सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं हाताशी आहेत, थांबायची तयारी नसेल तर दुसरीकडे द्या. क्रेब्स यांनी ते 'एन्झायमॉलॉजिया'ला दिलं आणि १९५३ मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. १९५३ मध्येच वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध 'नेचर'मध्ये आला तो रेफरीविनाच. 'नेचर'ने बाहेरच्या रेफरींची तपासणी सर्व निबंधांना लागू केली १९७३ मध्ये. त्यामुळे 'पीअर रिव्ह्यू (म्हणजे रेफरींची तपासणी) झालेलं म्हणजे विज्ञान' ही आज सर्रास ऐकू येणारी व्याख्या लावली, तर विसाव्या शतकातलं निम्मं भौतिकशास्त्र बाद होईल.

मग रेफरी सार्वत्रिक का झाले? कारणं बरीचशी व्यावहारिक होती. युद्धानंतर सरकारी पैसा ओतला गेला आणि निबंधांचा पूर आला. विषय इतके फुटले की एका संपादकाला सगळं कळणं अशक्य झालं. १९५९ मध्ये झेरॉक्सचं यंत्र बाजारात आलं आणि हस्तलिखिताच्या प्रती काढून चार ठिकाणी पाठवणं सोपं झालं. शिवाय करदात्यांचा पैसा कुठे जातो असं राजकारणी विचारू लागले, तेव्हा 'आमचेच तज्ज्ञ तपासतात' हे उत्तर विज्ञानसंस्थांना सोयीचं ठरलं.

या पुरात धंदा दिसला तो रॉबर्ट मॅक्सवेल यांना. १९५१ मध्ये त्यांनी एक छोटी प्रकाशनसंस्था हाती घेतली आणि तिचं नाव ठेवलं पर्गमॉन. तोवर बहुतेक जर्नलं विद्वत्संस्थांची होती, तोट्यात किंवा काठावर चालणारी. मॅक्सवेल यांनी ओळखलं की इथे कच्चा माल फुकट मिळतो, तपासणारे फुकट तपासतात आणि गिऱ्हाईक म्हणजे ग्रंथालय, ज्याला एका जर्नलऐवजी दुसरं घेऊन भागत नाही. प्रत्येक नव्या उपविषयाला एक नवं जर्नल काढायचं आणि नावात शक्यतो 'इंटरनॅशनल' घालायचं. १९९१ मध्ये पर्गमॉन एल्सेव्हियर या बड्या प्रकाशनसंस्थेला विकली गेली ४४ कोटी पौंडांना. वर्गणीच्या किमती ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकांपेक्षा वेगाने चढत गेल्या. २०१२ मध्ये गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांनी एल्सेव्हियरवर उघड बहिष्कार टाकला आणि हजारो संशोधकांनी त्यावर सह्या केल्या, तरी धंद्याचं गणित फारसं हललं नाही.

दुसरा धागा फिलाडेल्फियातला. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून एक सूची निघे. एखाद्या निकालाचा पुढे कोणत्या निकालांत आधार घेतला गेला, हे तिच्यात बघता येई. यूजीन गारफील्ड यांना १९५५ मध्ये वाटलं की हे विज्ञानातही हवं. त्यातून १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आला. सूचीत घ्यायची जर्नलं निवडण्यासाठी त्यांनी आणि सहकारी आयर्विंग शेर यांनी एक साधं गुणोत्तर काढलं: जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या निबंधांना यंदा किती संदर्भ मिळाले, भागिले त्या दोन वर्षांतल्या निबंधांची संख्या. हाच इम्पॅक्ट फॅक्टर. ही जर्नलची सरासरी आहे आणि तीही फसवी, कारण मूठभर निबंध बहुतेक संदर्भ खेचतात आणि बाकीचे कोरडे राहतात. तरी नेमणुका, बढत्या, अनुदानं यांच्या समित्यांना निबंध वाचण्यापेक्षा आकडा बघणं सोपं गेलं. २००४ मध्ये एल्सेव्हियरची स्कोपस ही सूची आली, २००५ मध्ये व्यक्तीला मोजणारा एच-इंडेक्स आला. संशोधकाला संशोधनाऐवजी ते कुठल्या जर्नलमध्ये छापलं यावरून मोजू नका, असं २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को बैठकीतून निघालेलं जाहीरनामावजा आवाहन सांगतं. त्यावर सही केलेल्या संस्थांतही आकडे विचारले जातात, हे वेगळं सांगायला नको.

इंटरनेटने हे मोडेल असं वाटलं होतं. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामोसमध्ये भौतिकशास्त्रज्ञांसाठी प्रीप्रिंटची, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधीच्या निबंधांची, देवाणघेवाण सुरू केली. तीच आजची 'आर्काइव्ह'. ग्रिगोरी पेरेलमान यांनी गणितातल्या पॉइनकेअरच्या अटकळीची सिद्धता २००२-०३ मध्ये तिथे ठेवली आणि ती कोणत्याही जर्नलला दिलीच नाही. तरी गणितज्ञांनी ती तपासली, मान्य केली आणि त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान जाहीर झाला, जो त्यांनी नाकारला. पण पेरेलमान एखादाच. बाकीच्यांना नोकरी टिकवायची असते.

२००२ च्या बुडापेस्ट आवाहनाने ओपन ॲक्सेसला, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येईल अशा प्रकाशनाला, नाव आणि व्याख्या दिली. वाचकाने पैसे देऊ नयेत, तर द्यावेत कोणी? एक उत्तर निघालं: लेखकाने. २००३ मध्ये 'प्लॉस बायोलॉजी' हे जर्नल १५०० डॉलर घेई. 'नेचर'ने २०२१ पासून हा पर्याय दिला तो ९५०० युरोंना. वाचकापुढची भिंत उचलून लेखकापुढे आणली, असा हा न्याय. आणि जितके निबंध तितके पैसे म्हटल्यावर काहीही छापणारी दुकानं निघणारच होती. २०१३ मध्ये पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट निबंध ३०४ ओपन ॲक्सेस जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. आता तर तयार निबंध विकणारे कारखाने आहेत. २०२३ या एका वर्षात हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या जर्नलांमधून ८००० हून अधिक निबंध मागे घेतले गेले, आणि हिंदावी तेव्हा वायली या जुन्या, प्रतिष्ठित प्रकाशकाच्या मालकीची होती. खोट फक्त गल्लीतल्या दुकानांत असते असंही नाही. लस आणि ऑटिझम यांची सांगड घालणारा १९९८ चा निबंध मागे घ्यायला 'लॅन्सेट'ला बारा वर्षं लागली.

सगळ्यात धीट प्रयोग केला 'ईलाइफ'ने. २०१२ मध्ये तीन मोठ्या संशोधन-निधी संस्थांनी काढलेल्या या जर्नलने २०२३ पासून रेफरींनंतरचा होकार-नकारच बंद केला. संपादकांनी तपासणीला घेतलेला निबंध रेफरींच्या अहवालांसह उघड छापायचा, पुरावे भक्कम आहेत की अपुरे हे वरच लिहायचं, निर्णय वाचकाने घ्यायचा. अहवाल छापा, हे व्हेवेल १८३१ मध्येच म्हणाले होते. यावर २०२४ मध्ये क्लॅरिव्हेटने, म्हणजे गारफील्ड यांच्या सूचीच्या आजच्या मालकाने, 'ईलाइफ'ला इथून पुढे इम्पॅक्ट फॅक्टर मिळणार नाही असं जाहीर केलं. ज्या देशांत बढतीसाठी तो आकडा लागतो, तिथल्या संशोधकांना आता तिथे निबंध पाठवण्याआधी दोनदा विचार करावा लागतो.