दिसलं नाही, म्हणजे नाहीच असं नाही

दिसतं ते आपोआप. पाहावं मात्र लागतं. मराठीला ठाऊक असलेला हा फरक यंत्रदृष्टीत, म्हणजे यंत्रांना पाहायला शिकवणाऱ्या शास्त्रात, रुळायला बराच काळ गेला. कॅमेरा एका जागी ठेवायचा, समोर येईल त्या एका चित्रातून काय ते ओळखायचं, असा खाक्या होता. १९८८ साली संगणकशास्त्रज्ञ रुझेना बायची यांनी ‘सक्रिय आकलना’चा आग्रह धरला: कॅमेरा कुठे वळवायचा हे ठरवणं हाही पाहण्याचाच भाग आहे. आपले डोळे दुसरं काय करतात? नजरेचा अगदी स्पष्ट भाग जेमतेम २ अंशांचा, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढा. म्हणून तर डोळे सेकंदाला साधारण ३ उड्या मारतात.

त्याआधी, १९७६ मध्ये, थॉमस गार्वी या संशोधकाने यंत्रांसाठी एक साधी युक्ती सुचवली होती. खोलीतला टेलिफोन लहान, लांबून ओळखू येत नाही. टेबल मोठं. मग आधी टेबल शोधा, आणि फोन त्याच्यावर पाहा. घराघरांतल्या आया हेच सांगत आल्या आहेत!

आता चष्मा शोधणारा रोबो घेऊ. त्याच्या अंदाजाने चष्मा टेबलावर असण्याची शक्यता ५० टक्के, फळीवर ३०, सोफ्यावर २०. चष्मा समोर असला तर तो १०० पैकी ८० वेळा ओळखतो. टेबल पाहिलं, सापडला नाही. पण म्हणून टेबलाची शक्यता शून्य होत नाही, कारण २० टक्के वेळा नजर चुकते. नवा हिशोब: टेबल सुमारे १७, फळी ५०, सोफा ३३. काही न सापडणं हीही माहितीच.

मग सरळ फळीकडे जायचं? फळी खोलीच्या त्या टोकाला आणि सोफा शेजारीच असेल तर गणित बदलतं. चालण्याचा वेळ, मान वळवण्याचा वेळ, सगळं धरावं लागतं. नुसत्या १० जागा पाहायच्या म्हटल्या तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. टोरांटोचे संशोधक यिमिंग ये आणि जॉन त्सोत्सोस यांनी दाखवून दिलं, की सर्वोत्तम क्रम काढणं हे संगणकशास्त्रातल्या कुप्रसिद्ध अवघड प्रश्नांपैकी आहे. मोठ्या जागेसाठी तो झटपट काढण्याची खात्रीची रीत कुणाकडेच नाही. म्हणून रोबो सगळा बेत आखत बसत नाही. आत्ता कमी कष्टात जास्त आशा कुठे, एवढंच पाहतो आणि तिकडे वळतो.

गंमत पुढे आहे. फळी पाहिली, सोफाही पाहिला, चष्मा नाहीच. आता आकडे मांडले तर येतात टेबल ५०, फळी ३०, सोफा २०, जिथून निघालो तिथेच. रोबो पुन्हा टेबलाकडे जातो, पण या वेळी दुसऱ्या बाजूने, वर्तमानपत्राच्या आडोशाला डोकावत.