इगतपुरी

महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील घाटमाथ्याचे स्थानक. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने सु. १३६ किमी., नाशिक रोडपासून सु. ५० किमी.; समुद्रसपाटीपासून उंची सु. ६०० मी. लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास. कसाऱ्याहून थळ घाट चढून आलेली गाडी येथे सपाटीला लागते आणि थांबते. आजचे शहर या थांब्याभोवती वाढले.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटिअरने ‘विगतपुरी’ म्हणजे ‘अडचणींचे गाव’ असा अर्थ देऊन त्याचा संबंध लोहमार्गापूर्वीच्या बिकट घाटवाटेशी जोडला, आणि पुढच्या बहुतेक लेखनात तोच उचलला गेला. आरंभीच्या ‘वि’चा ‘इ’ होणे ग्रामीण मराठीत नवे नाही (विठोबा–इठोबा, विहीर–इहीर). तेव्हा ध्वनिदृष्ट्या ही उपपत्ती चालू शकते. अडचण अर्थाची आहे. संस्कृतात ‘विगत’ म्हणजे गेलेले, सरलेले. ‘संकट’ हा अर्थ त्यातून ओढूनताणूनच काढावा लागतो. १८६० च्या दशकातील रेल्वेच्या इंग्रजी कागदांत नाव ‘एगतपूरा’ असे वाचावे लागेल अशा वर्णांत लिहिलेले आढळते. साहेबी कानावर फार विसंबता येत नाही हे खरे. पण त्यावरून मूळ उच्चारात ‘व’ ऐकू येत नसावा आणि शेवटचा ‘पुरी’ हा नंतरचा संस्कार असावा, असे मानण्यास जागा राहते. गॅझेटिअरमधील अर्थ विद्वत्तेपेक्षा लोकसमजुतीला जवळचा वाटतो. गावाजवळचे घाटनदेवीचे स्थान मात्र जुन्या घाटवाटेचीच खूण आहे. घाट उतरण्यापूर्वी देवीला नमस्कार करण्याची रीत महामार्गावरचे वाहनचालक अजून पाळतात.

घाटाच्या नावातही एकवाक्यता नाही. भूगोलाच्या पुस्तकांत थळ किंवा थल घाट, जुन्या इंग्रजी लेखनात थुल किंवा ताल, आणि रेल्वे कर्मचारी व प्रवासी यांच्या तोंडी सरसकट कसारा घाट.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये आला. घाटाचे काम त्यानंतरही सुरू होते आणि कसारा–इगतपुरी टप्पा १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाल्याचे सामान्यतः मानले जाते. घाटापलीकडचा, नाशिककडचा मार्ग त्याआधीच तयार झाला होता. त्यामुळे मधली काही वर्षे लोहमार्गाचे दोन तुकडे घाटाच्या दोन अंगांना तुटक पडले होते. आखणी मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या देखरेखीखाली झाली; घाट पुरा होण्यापूर्वीच, १८६२ मध्ये, त्यांचा मृत्यू झाला. तत्कालीन नोंदींनुसार चढाची लांबी ९ मैल २६ चेन (८० चेन म्हणजे १ मैल; सु. १५ किमी.), एकूण चढ ९७२ फूट (सु. २९६ मी.) व बोगदे १३. पुलांपैकी सु. १८० फूट उंचीचा एहेगाव पूल सर्वांत उंच. मूळ आखणीत एक उलटफेर स्थानक होते: गाडी तेथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि पुढचा चढ उलट दिशेने सुरू होई. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मार्ग नव्याने आखून ही व्यवस्था काढण्यात आली.

थळ घाट हा भारतातील सर्वांत तीव्र चढाचा ब्रॉडगेज मार्ग असल्याचे वारंवार छापले जाते. हे विधान जपून घ्यावे. सर्वांत तीव्र भागातला १:३७ हा चढ बोरघाटातही आहे. सरासरी पाहिली तर मूळ आखणीत थळ घाट सु. १:५१ आणि बोरघाट (१५ मैल ६८ चेन, चढ १,८३१ फूट) सु. १:४६ पडतो; म्हणजे बोरघाट लांबही आणि सरासरीने अधिक उभाही.

१:३७ म्हणजे ३७ मी. अंतरात १ मी. चढ. याचा अर्थ इंजिनाच्या भाषेत असा : जुन्या पद्धतीचे २४ डबे प्रत्येकी सु. ५० टन धरले, तर १,२०० टनांची गाडी चढावर नुसती पेलून धरायला सु. ३२ टन ओढ लागते. इंजिनाच्या स्वतःच्या सु. ११३ टन वजनासाठी आणखी ३ टन, आणि चाकांचा व वळणांचा विरोध वेगळा. प्रवासी गाड्यांच्या डब्ल्यूएपी-४ या विद्युत इंजिनाची सुरुवातीची कमाल ओढ सु. ३१ टन. उरलेली ओढ मागून ढकलणारी इंजिने, म्हणजे ‘बँकर’, पुरवतात. ती पुढे न जोडता मागे जोडण्याचे कारण कपलिंग, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारी कडी. सगळी ओढ पुढून दिली तर पहिल्या काही डब्यांच्या कपलिंगवर पूर्ण भार येतो. ते तुटले तर मागचे डबे उताराला लागतात. मागे इंजिन असले की ती वाट बंद होते.

कसाऱ्याला डाऊन, म्हणजे मुंबईहून येणारी, गाडी थांबली की बँकर मागून हळू येऊन बफरला टेकतात. कपलिंग घालून ब्रेकच्या हवेचा पाइप जोडतात. मग ब्रेकची सलगता तपासली जाते: पुढच्या इंजिनावर ५ किग्रॅ. प्रति चौ. सेंमी. दाब असताना गार्डच्या डब्यात तो फारसा घटलेला चालत नाही. शिट्टीच्या खुणा झाल्यावर दोन्ही टोकांची इंजिने जवळजवळ एकाच वेळी जोर लावतात. पुढच्याने घाई केली तर कपलिंगला हिसका बसतो. मागच्याने केली तर मधले हलके किंवा रिकामे डबे वळणावर दाबले जाऊन रुळावरून उचलले जाण्याचा धोका असतो. पावसात चाके जागच्या जागी फिरू लागतात, त्यासाठी रुळावर वाळू सोडतात. ती भिजून गोळा झाली की नळीतून उतरत नाही, म्हणून सुकी व चाळलेलीच भरावी लागते. इगतपुरीला गाडी उभी राहिल्यावर बँकर सुटतात आणि पुन्हा कसाऱ्याला उतरतात.

रेल्वेच्या परिभाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’, त्यामुळे येथे अप गाडी घाट उतरते आणि डाऊन गाडी चढते. नवख्याचा घोटाळा होतो तो इथेच. उतरणे हे चढण्यापेक्षा जोखमीचे. इगतपुरीला ब्रेकची ताकद तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. इंजिनाचा विद्युत ब्रेक मुख्य धरून हवेचा ब्रेक बेताने वापरायचा असतो; सतत दाबून ठेवलेले ब्रेकचे ठोकळे तापतात आणि पकड सोडू लागतात. तरीही गाडी हाताबाहेर गेलीच तर तिला अडवणारा बाजूचा फाटा, म्हणजे कॅच साइडिंग, असते. तिचे रूळ बदलणारे सांधे एरवी साइडिंगकडेच लावलेले असतात. गाडी सिग्नलपाशी थांबली, म्हणजे ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मुख्य मार्ग लावून देतात. न थांबलेली गाडी चढत्या साइडिंगमध्ये शिरून वेग गमावते.

वाफेच्या काळात इंजिन बदलणे, पाणी भरणे, आग साफ करणे यांमुळे थांबा लांब असे. लोकोशेड, रनिंग रूम (गाडीवरील कर्मचाऱ्यांचे विश्रांतिगृह), क्वार्टर्स, चर्च अशी वस्ती स्थानकाभोवती वाढली. १९३० च्या सुमारास घाटात १,५०० व्होल्ट डीसी विद्युत कर्षण आले. मालगाड्यांची डब्ल्यूसीजी-१ इंजिने थांबली असता कण्हल्यासारखा आवाज करीत. कर्मचारी त्यांना ‘खेकडा’ म्हणत. १९६० च्या दशकाअखेर इगतपुरीच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी प्रवाह आला आणि हे दोन प्रवाहांच्या सीमेवरचे स्थानक झाले. यार्डातील ठरावीक तारांना आळीपाळीने दोन्हींपैकी एक प्रवाह देता येई: डीसी इंजिन सुटून बाजूला गेले की तारेतला प्रवाह बदलून एसी इंजिन जोडत. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम इंजिनांनी हे काम कमी केले आणि २००६ मध्ये घाटातच एसी प्रवाह आल्यावर ते संपले. बँकरसाठीचा थांबा उरला. पण २०१९ मध्ये दोन्ही टोकांना इंजिन असलेली राजधानी आणि २०२३ मध्ये शिर्डीची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढू लागल्या. फलाटावरच्या वडापावचा धंदा याच थांब्यावर उभा असल्याने विक्रेत्यांना हा बदल अभियंत्यांआधी जाणवला असावा.

पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. गस्तीचे कर्मचारी झेंडी, दिवा आणि रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन ठरलेल्या पट्ट्यात रात्रभर फिरतात. दगड दिसला तर गाडीच्या दिशेने पुरेसे अंतर पुढे जाऊन फटाके लावणे हे पहिले काम, दगड हलवणे नंतरचे.

येथील धम्मगिरी हे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे. तालुक्यात दारणा, भावली व वैतरणा ही धरणे आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा अखेरचा ७६ किमी. टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावरील जुळ्या बोगद्यांमुळे रस्त्याची वाहतूक कसारा घाट टाळून जाऊ शकते.