अस्थिकर्करोगाचा प्रसार : विकरे आणि दाहसंकेत

हाडात उद्भवलेला कर्करोग इतर अवयवांत, मुख्यतः फुप्फुसांत, पोहोचतो तो शरीराच्याच डागडुजीची यंत्रणा वापरून. हाडातच सुरू होणाऱ्या घन अर्बुदांत, म्हणजे कर्करोगाच्या गाठींत, ऑस्टिओसार्कोमा सर्वाधिक आढळतो; तो बहुधा किशोरवयात, गुडघ्याच्या लगत वर किंवा खाली होतो.

हाड आयुष्यभर पोखरले जाते आणि पुन्हा भरले जाते. अस्थिभंजक पेशी आम्ल सोडून त्यातले खनिज विरघळवतात, मग कॅथेप्सिन-के हे विकर, म्हणजे एंझाइम, उरलेले कोलॅजेन तोडते. अर्बुद रँक-एलसारख्या संकेतांनी या पेशींना जादा कामाला जुंपते. पोखरलेल्या हाडातून सुटणारा टीजीएफ-बीटा हा वृद्धिघटक मग अर्बुदालाच पोसतो. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही जस्तयुक्त विकरे रक्तवाहिनीभोवतीचा पातळ पडदा कापतात आणि पेशी रक्तात शिरतात. पायाकडचे रक्त हृदयातून थेट फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत जाते. पेशी अडकतात त्या तिथेच.

विकरांना चालना मिळते ती बऱ्याचदा दाहातून, म्हणजे इजेला शरीर देत असलेल्या सूज-लालीच्या प्रतिसादातून. भक्षक पेशींनी, म्हणजे जंतू गिळणाऱ्या प्रतिकारपेशींनी, सोडलेले टीएनएफ-अल्फा हे संकेतप्रथिन अर्बुदपेशीतील एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे प्रथिन जागे करते आणि एमएमपींची निर्मिती वाढते. कॉक्स-२ विकरामुळे तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन ई-२ नव्या रक्तवाहिन्यांना वाव देते. जखम भरली की हा दाह शमतो. अर्बुदाभोवती तो धुमसतच राहतो. तरीही दाह सरसकट शत्रू नव्हे: युरोपात २००९ मध्ये मान्यता मिळालेले मिफामुर्टाइड हे ऑस्टिओसार्कोमावरचे औषध भक्षक पेशींना मुद्दाम चेतवते. उलट एमएमपी रोखणारे मारिमास्टॅट हे औषध कर्करोगाच्या चाचण्यांत निराशाजनक ठरले, शिवाय रुग्णांचे सांधे दुखू लागले. निरोगी ऊतींनाही ही विकरे लागतात, हे तिथे भोवले.

मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करते. तिथल्या ऑस्टिओसार्कोमावरच्या ‘ओजीएस-१२’ उपचारपद्धतीत मोठ्या मात्रेचे मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचे औषध वगळले आहे. मैदानात पडल्याचा मुकामार समजून कित्येक घरांत आधी लेप आणि मालिश होते, आणि मोलाचे आठवडे निघून जातात. विश्रांतीतही न थांबणारे, रात्री झोपमोड करणारे दुखणे आणि वाढती सूज असेल तर एक्स-रे लगेच काढावा. निदान झाल्यावर छातीचाही सीटी स्कॅन करतात, कारण साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या फुप्फुसात तेव्हाच गाठी दिसतात.