शाखेला स्विफ्ट कोड नाही म्हणून पैसे अडत नाहीत
बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यात आपल्या लोकांत वर्षानुवर्षं फिरतंय की शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे येताना लागणारा बँकेचा ओळख-कोड, नसेल तर मुलाने कॅनडातून पाठवलेले पैसे येणारच नाहीत, मग काका-काकू खातंच हलवायला निघतात. अहो, काही गरज नाही! कोडची पहिली ४ अक्षरं बँकेची, २ देशाची, २ ठिकाणाची, शाखेची शेवटची ३ असलीच पाहिजेत असं नाही. बँक ऑफ बडोदाचाच बघा, बीएआरबी-आयएन-बीबी, ८ अक्षरं, शाखा कुठेच नाही. बँकेला विचारून फॉरेन एक्सचेंजवाल्या शाखेचा कोड घ्यायचा, पण नाव आणि खाते नंबर मात्र पासबुकात आहे तस्साच लिहायचा, खरी गडबड तिथेच होते. आयएफएससी हा शाखेचा कोड वेगळा, तो देशातल्या देशात पैसे पाठवायला. आणि आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते नंबर, मागितला तर घाबरू नका, भारतात तो नाहीच.