ब्लीचिंगची सणक आणि किडीचा ठणका

"डॉक्टर, थंड पाणी लई झोंबायलंय." लग्नसराई लागली की हे वाक्य दिवसातून चारदा कानावर पडतं. म्हणणाऱ्यांपैकी कुणी परवाच दात पांढरे करून घेतलेले असतात, कुणाच्या दाढेत जुनी कीड असते. मग ब्लीचिंगवाला घाबरून "रूट कॅनालच करून टाका" म्हणतो आणि किडीवाला मेडिकलवरून शिवशिवीची पेस्ट आणून सहा महिने घासत बसतो. दोघांचंही उलटं.

क्लिनिंग आणि ब्लीचिंगचा फरक उगाळत बसत नाही. क्लिनिंगनं दातावरचं किटण निघतं, ब्लीचिंगनं दाताचा रंग उजळतो. संपलं.

ब्लीचिंगच्या जेलमधलं पेरॉक्साइड एनॅमल (दाताचं बाहेरचं कठीण कवच) आणि डेंटिन (त्याखालचा थर) ओलांडून काही मिनिटांतच आतल्या नसेपर्यंत पोचतं. नस चिडते, पण दाताला भोक पडलेलं नसतं. म्हणून ही सणक बहुधा पुढच्या बऱ्याच दातांत फिरते. कधी काही खाल्लं-प्यायलं नसतानाही वीज चमकावी तशी येते आणि विरते. पहिले 24 ते 48 तास जोर असतो, मग दिवसागणिक उतरते. किडीचा ठणका सहसा एकाच दाताला धरून असतो.

माझी पहिली तपासणी आरशाशिवायच होते. "कुठं दुखतंय?" एवढं विचारते आणि हाताकडे बघते. ब्लीचिंगवाला सगळा पंजा ओठांवरून फिरवतो. किडीवाला बहुतेक वेळा एक बोट टेकवतो.

घरी तपासायचं असेल तर माठातल्या पाण्याचा घोट घ्या, गिळा आणि मनात आकडे मोजा. पाच-सहापर्यंत कळ गेली तर नस नुसती चिडलेली आहे. तीस झाले तरी ठणका चालूच, गरम चहानं आणखी वाढतोय, रात्री झोपेतून उठवतोय, तर नस सुजली आहे; ती पेस्टनं बसत नाही. उलट बाजूही सांगते: कीड कोवळी असेल तर तिचीही कळ लगेच जाते. त्यामुळं एकच दात पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर आकडे काहीही येवोत, दाखवायला या.

सगळ्यात फसवं प्रकरण दोन्ही एकत्र असल्याचं. गेल्या उन्हाळ्यात एक नवरदेव आला, ब्लीचिंग दुसरीकडं केलेलं. तक्रार "सगळेच दात सळसळायलेत" अशी, पण बोट मात्र डावीकडच्या एकाच दातावर. तिथल्या जुन्या फिलिंगची कड सुटली होती आणि जेल थेट फटीतून आत उतरत होतं. आधी कुणी नीट बघितलंच नव्हतं. तपासल्याशिवाय जेल लावणं मला अजिबात पटत नाही.

ब्लीचिंगची सणक टाळायची तर 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन आठवडे आधीपासून रोज दोनदा वापरा. ती नसेला हळूहळू शांत करते, एका रात्रीत नाही. घासून झाल्यावर फेस थुंका, चूळ भरून धुऊन टाकू नका. घरचा ट्रे, म्हणजे दातांवर बसणारा जेल भरायचा साचा, असेल तर तीच पेस्ट त्यात भरून जेलच्या आधी 10 ते 30 मिनिटं ठेवता येते. जेल दर दाताला थेंबभर पुरतं, हिरडीवर आलेलं पुसून काढा. सणक वाढली तर एक रात्र सोडून लावा. घरी लावायच्या जेलमधल्या 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून रंग उजळवणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जेमतेम 3.5 टक्के मिळतं, दवाखान्यातलं 25 ते 40 टक्के असतं. ज्याचे दात आधीच झोंबतात त्याला मी घरचंच देते. आणि हळदीच्या आदल्या दिवशी ब्लीचिंग मागायला येऊ नका. रंग बसायलाही दोन आठवडे द्यावे लागतात.

ब्लीचिंगच्याच दिवसांत व्हायटनिंगची खरखरीत पेस्ट, लिंबू-सोडा किंवा मिश्री वापरणाऱ्यांपुढं मी हात टेकलेत. लिंबानं विरघळलेलं एनॅमल परत उगवत नाही.

नवरदेवाचं फिलिंग बदललं. उरलेल्या दातांची सणक चार दिवसांत आपोआप बसली. उसाचा रस मात्र लग्नापर्यंत त्यानं बिनबर्फाचाच प्यायला.